तक्त्याबाहेरचे आकडे

शुक्रवारी दुपारी चार वाजता कुसाबा रिन्तारोने डोलकाठीच्या टोकापासून बोटीच्या मागच्या काठापर्यंत पोलादी फीत ताणली, एक डोळा मिटून आकडा वाचला आणि वहीत लिहिला. सहा मीटर अठ्ठ्याहत्तर. मग फीत सोडली, पुन्हा ताणली, पुन्हा वाचला. आकडा तोच. तिसऱ्यांदा ताणायला लागला तेव्हा बोटीच्या सावलीत भाताचा गोळा खात बसलेल्या एगाशिराने मान वर केली.

“मोज, मोज. मघाशी फीत लाजली असेल.”

“सेंटिमीटरभर चुकलं तर शंभर मीटर मागे पडतो आपण.”

“मला तुझ्या बायकोची दया येते रे. अजून तुला कुणी मिळालेली नाही, तरी येते.”

रिन्तारोच्या तोंडात काळ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा खाली बोटीच्या कडेला भोकांच्या एका पट्टीत खिटीने अडकवतात. खिटी वरच्या भोकात घातली की काठी सरळ उभी राहते, खालच्या भोकात घातली की मागे झुकते. खिटी निसटू नये म्हणून वर चिकटपट्टी. आणि ती ओल्या बोटांनी सोलता यावी म्हणून रिन्तारो टोकाला छोटासा कान दुमडायचा. अख्ख्या क्लबात हा कान तो एकटाच दुमडायचा. बाकीचे पट्टी दातांनी सोलायचे आणि वर्षाकाठी एकदा दंतवैद्याकडे जायचे.

बोटीचं नाव शिओकारा, म्हणजे माकूळ तिच्याच आतड्यांत खारवून केलेला पदार्थ. नाव ठेवणारी तुकडी केव्हाच पदव्या घेऊन पांगली होती, त्यामुळे जाब विचारायला कुणी उरलं नव्हतं. पावणेपाच मीटरची, दोघांची बोट. रिन्तारो मागे बसून सुकाणू धरायचा. एगाशिरा काठीवरून आलेल्या तारेला, म्हणजे टांगणीला, कमरेचा हूक अडकवून बोटीबाहेर आडवा लोंबायचा, म्हणजे वाऱ्याने बोट कलंडू नये. विद्यापीठात काय करतोस असं घरी कुणी विचारलं की तो “लोंबतो” असं सांगायचा, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

शेवटचं काम पायपट्ट्याचं. वारा वाढला की सुकाणूवाल्यालाही पाय बोटीत अडकवून बाहेर झुकावं लागतं. त्यासाठी तळाला एक रुंद पट्टा असतो. रिन्तारोने तो चार बोटं आवळला आणि दोरीला गाठ मारली.

“लहान मुलांच्या सायकलला लावतात ना तसा दिसतोय,” एगाशिरा म्हणाला.

“पाय माझे आहेत.”

“हो, पण थोडेच आहेत.”

यात चेष्टा होती तेवढीच चिंताही होती. उद्यापासून तीन दिवस क्युशूची निवड स्पर्धा. तीस बोटी, त्यातल्या पहिल्या सहा नोव्हेंबरात राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. दोघांचं हे शेवटचं वर्ष. मार्चनंतर एगाशिरा योबुकोला बापाच्या माकुळीच्या बोटीवर जाणार हे तो पाळण्यात असल्यापासून ठरलेलं होतं. त्याचा बाप आजवर एकदाही शर्यत बघायला आलेला नव्हता. वाऱ्यावर चालणारी बोट ही त्याच्या मते डिझेल न परवडणाऱ्यांची सोय होती. या वेळी मात्र तो म्हणाला होता, सोमवारी सकाळी जर तुम्ही पहिल्या सहात असाल, तर येईन. एगाशिराने हे रिन्तारोला सांगितलं ते असं, जसं काही बस किती वाजता आहे ते सांगतोय. त्यानंतर त्याने दोन दिवस तळलेलं काही खाल्लं नाही. एगाशिराच्या बाबतीत हे लेखी प्रतिज्ञापत्रासारखं होतं.

रिन्तारोचा भरवसा त्याच्या तक्त्यावर होता. तीन वर्षं त्याने तो बनवला होता. डावीकडे दोघांचं मिळून वजन, वर वाऱ्याचा वेग, आणि प्रत्येक चौकटीत दोन आकडे: काठीचा झुकाव आणि तारांचा ताण. वजनाच्या तीनच ओळी होत्या. एकशे पंचवीस, एकशे तीस आणि एकशे पस्तीस. रिन्तारो कायम साठ किलो होता. बाकीची हालचाल एगाशिराची. दोन चौकटींत आकड्यांची जोडी कुठेही सारखी नव्हती, त्यामुळे तक्ता उलटाही वाचता यायचा. नुसती बोट मोजून सांगता यायचं, की बांधणाऱ्याच्या मनात कोण बसणार होतं आणि किती वारा.

उद्याचा अंदाज होता सेकंदाला चार मीटर. त्याने बोट एकशे तीस आणि चारच्या चौकटीला बांधली, वर आच्छादन ओढलं, दोऱ्या आवळल्या.

जाताना फाटकाजवळच्या फलकापाशी मात्सुओ-सान लाकडी पाट्या पुसत होते. मासेमारी संस्थेतून निवृत्त होऊन ते इथे बसले होते. प्रत्येक खेळाडूच्या नावाची पाटी. काळी बाजू म्हणजे माणूस जमिनीवर, लाल म्हणजे पाण्यात. निघताना लाल करायची, आलं की काळी. मागच्या वर्षी एगाशिरा आल्यावर पाटी काळी करायला विसरला आणि शेवया खायला गेला. तीन बोटी दोन तास त्याला शोधत होत्या. तो सापडला तेव्हा दुसरा वाडगा संपत आला होता. त्यानंतर त्याने डोकं भादरलं, तटरक्षकांपासून आईस्क्रीमवाल्या बाईपर्यंत सगळ्यांसमोर वाकून माफी मागितली, आणि तेव्हापासून दोघांच्या पाट्या रिन्तारोच फिरवायचा.

“एगाशिरा-कुन,” मात्सुओ-सान म्हणाले, “शेवया खाऊन जा हं उद्या. आधीच.”

“तुम्ही हे माझ्या लग्नातसुद्धा बोलणार आहात ना?”

“बोलावलंस तर.”

शनिवारी सकाळी सात वाजता रिन्तारोने आच्छादन काढलं, आणि काहीतरी बरोबर नाही हे त्याला फीत काढायच्या आधीच जाणवलं. तीस डोलकाठ्यांच्या रांगेत शिओकाराची काठी जरा मागे रेलली होती. गॅलरीत उभं राहून कुणाची तरी वाट बघणाऱ्या माणसासारखी.

त्याने मोजलं. सहा मीटर एकाहत्तर. खिट्या दोन भोकं खाली.

“पोरांनी चावटपणा केलाय,” एगाशिरा म्हणाला. पोरं म्हणजे पहिल्या वर्षाची मुलं.

“पोरांना शिडाचं वरचं टोक कुठलं ते अजून कळत नाही.” रिन्तारो वाकून बघत होता. “आणि हे एकट्याचं काम नाही. एकाने पुढची तार ओढून धरायची, तेव्हा दुसऱ्याला खिटी काढता येते.”

“मग दोन पोरं.”

खिट्यांवर काळी पट्टी होती. तिच्या टोकाला कान दुमडलेला होता.

“माझी नक्कलही केलीय,” रिन्तारो म्हणाला. त्याला राग आला होता, आणि थोडं बरंही वाटलं होतं. तीन वर्षांत प्रथमच कुणीतरी तो कान नीट दुमडला होता.

त्याने तक्ता उलटा वाचला. एकशे तीस किलो, वारा नऊ मीटर. समुद्र समोर गुळगुळीत पडला होता. मात्सुउरा नदीच्या तोंडाशी किल्ल्याचं प्रतिबिंब न हलता उभं होतं. त्याने सगळं पुन्हा चारच्या चौकटीला आणलं. त्यात पाऊण तास गेला.

अकरा वाजता समोरच्या ताकाशिमा बेटाच्या सपाट डोक्यामागून वारा आला. साडेअकराला तो नऊ मीटर होता. शिओकारा सरळ काठीने त्यात अशी धडपडत गेली, जसा बूट-टाय घालून आलेला माणूस चिखलात. चौदावे. दुसऱ्या शर्यतीत बारावे.

परत आल्यावर एगाशिराने कमरेचा हूक सोडला. मग म्हणाला, “पोरांचा अंदाज हवामान खात्यापेक्षा बरा आहे.”

“योगायोग आहे.”

“मी कुठे काय म्हटलं.”

त्या संध्याकाळी रिन्तारोने बोट रविवारच्या अंदाजाला, म्हणजे आठ मीटरला बांधली. मग आच्छादनाच्या दोन्ही टोकांच्या जोडावर त्याने आपल्या जेवणाच्या डब्यावरचं पिवळं स्टिकर चिकटवलं. त्यावर ‘अर्ध्या किमतीत’ असं लिहिलं होतं. ही स्टिकरं पातळ असतात. उचलायला गेलं की हमखास फाटतात. दुसरं स्टिकर दुसऱ्या जोडावर. तिसऱ्यासाठी एगाशिराला आणखी एक डबा खावा लागला, आणि तळलेलं न खाण्याची प्रतिज्ञा त्यात संपली.

“बोट विकायला काढल्यासारखी दिसतेय,” तो तोंड पुसत म्हणाला.

रविवारी सकाळी तिन्ही स्टिकरं जागच्या जागी होती. रिन्तारोने प्रत्येकाच्या कडेवरून नख फिरवलं. कुठेही फाटलेलं नव्हतं, कुठेही सुटलेलं नव्हतं. पहिलं त्याने स्वतः उचललं तेव्हा ते मधोमध फाटलं.

आत खिट्या हललेल्या होत्या. एकशे तीस किलो, सहा मीटर. चिकटपट्टी नवी, कान दुमडलेला.

एगाशिरा डोकं खाजवत उभा राहिला. जवळच्या खांबावर एक घार बसून त्याच्या हातातल्या पावाकडे बघत होती.

“आठाला आणतो,” रिन्तारो म्हणाला, पण जागचा हलला नाही.

“अंदाज आठ आहे?”

“आठ.”

“आणि काल चार होता.”

“हो.”

“रिन, मी साधा माणूस आहे. कुणीतरी आपल्याला फुकट मदत करतंय आणि तू त्याचा पत्ता विचारतोयस.”

“कुणी म्हणजे कोण?”

“मला काय माहीत. मी ताकाशिमाच्या देवळात जाऊन आलो होतो मागच्या आठवड्यात. लोक तिथे लॉटरी मागतात. मी सहावा नंबर मागितला. पुजाऱ्याला वाटलं सहा कोटी.”

रिन्तारोने आकडे बदलले नाहीत. त्याने वहीत कारण लिहिलं: वेळ कमी. वेळ भरपूर होता. बोट उताराकडे नेताना त्याचा खांदा डाव्या तारेला लागला आणि त्याला वाटलं, तार थरथरतेय. हवा पडलेली होती. त्याने तारेवर बोट ठेवलं. अगदी बारीक थरथर. खिशातला फोन मुका करून ठेवला की जाणवते तशी. मग थांबली.

वारा सहा मीटर लागला, दिवसभर, न ढळता. ते दुसरे आले, मग पहिले, मग तिसरे. शेवटच्या शर्यतीत एगाशिरा टांगणीवर लोंबत गात होता. संध्याकाळी यादी लागली: शिओकारा, सहावी.

एगाशिराने फलकामागे जाऊन बापाला फोन केला. फोन अर्ध्या मिनिटाचा होता. “येतो म्हणाला,” तो परत येऊन म्हणाला. “विचारलं, खुर्ची आणू, की तिथे असतात.”

दोघांनी बोट गोड्या पाण्याने धुतली, प्रत्येक दोरी, प्रत्येक खाच, आणि फडक्याने कोरडी केली. सोमवारचा अंदाज पाच मीटरचा होता. रिन्तारोने बोट पाचाला बांधली. स्टिकर लावलं नाही. स्वतःला विचारल्यावर त्याला एकच उत्तर मिळालं, आणि ते काही फार शास्त्रीय नव्हतं: कुणाला तरी वाईट वाटेल.

सोमवारी तो सहालाच आला. हवा नव्हती. एकोणतीस बोटींच्या तारा गप्प होत्या. फाटकापासूनच त्याला शिओकाराचा आवाज ऐकू आला.

जोराच्या वाऱ्यात तारा घुमतात तो आवाज. खालच्या पट्टीतला, एकसंध. तीन वर्षांत रिन्तारो नुसत्या आवाजावरून वारा सांगायला शिकला होता. बारा. कदाचित तेरा. किल्ल्याच्या पाइन झाडांचं एक पानही हलत नव्हतं. तो जवळ गेला तसा आवाज वाढला नाही, कमीही झाला नाही. त्याने आच्छादनाची पहिली गाठ सोडली तेव्हा तो बंद झाला.

काठी इतकी मागे झुकलेली त्याने कधी पाहिली नव्हती. सहा मीटर एकोणसाठ. खिट्या सगळ्यात खालच्या भोकात. त्याने तक्ता काढला. ही जोडी त्यात नव्हतीच.

एगाशिराची टांगणी काठीवरून काढलेली होती. दोन्ही तारा नीट गुंडाळून, पिशवीत घालून, पिशवी पुढच्या कप्प्यात बांधून ठेवलेली होती. नाजूक वस्तू ठेवतात तशी.

पुढच्या शिडाच्या दोऱ्या मागे आणलेल्या होत्या. सुकाणूवाल्याच्या हाताशी.

रिन्तारो जमिनीवर बसला आणि वहीच्या मागच्या पानावर तक्ता खाली वाढवू लागला. एकशे वीस. एकशे दहा. शंभर. प्रत्येक ओळीला त्याच्या सूत्राचा भरवसा कमी होत होता, पण दिशा स्पष्ट होती. नव्वद. ऐंशी. पेन्सिल थांबली तेव्हा वारा तेरा मीटर होता आणि वजन पासष्टच्या आसपास. पाच इकडे, पाच तिकडे.

एक माणूस. सुकाणूवर. आणि लोंबायला कुणी नाही.

सुकाणूवर तो स्वतः असतो. त्याने ओळ खोडली, पुन्हा मांडली. पुन्हा तेच आलं.

साडेसातला एगाशिरा शिट्टी वाजवत आला. त्याने काठीकडे पाहिलं, कप्प्यातली पिशवी काढली, टांगणी बाहेर काढली.

“ही कुठे ठेवलीस? मी आज बसून जाणार आहे का?”

“मी नाही ठेवली.”

“बरं, त्यांनी ठेवली.” तो टांगणी पुन्हा काठीला जोडू लागला. “आज जास्तच झुकवलीय. किती वारा म्हणतायत साहेब?”

“तेरा.”

एगाशिराने समुद्राकडे पाहिलं. समुद्रात ढग दिसत होते.

“दाइगो, आज नको जाऊया,” रिन्तारो म्हणाला. नावाने तो त्याला वर्षातून एकदा, वाढदिवसाला हाक मारायचा.

“का?”

“आकडे एकाच माणसाचे आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे परत येताना एकच माणूस आहे बोटीत. असे बांधलेत.”

एगाशिराने टांगणीची तार ओढून पाहिली. मग हसला, पण डोळ्यांनी नाही. “तू झोपलास का रात्री? दोन दिवस चांगलं चाललं तेव्हा योगायोग होता. आज चाललं नाही की भूत?”

“मी भूत म्हटलं नाही.”

“मग काय म्हटलंस? ते बघ.”

धक्क्याच्या टोकाला एक ठेंगणा माणूस घडीची खुर्ची उघडायचा प्रयत्न करत होता. खुर्ची उलटी उघडत होती. शेजारी थर्माकोलची मोठी पेटी होती. एगाशिरासारखीच मान, एगाशिरासारखेच खांदे. त्याने यांच्याकडे पाहून हात वर केला नाही. फक्त खुर्ची सरळ करून, मांड्यांवर हात ठेवून बसला, बँकेत नंबर लावून बसतात तसा.

“बावीस वर्षांत पहिल्यांदा,” एगाशिरा हळूच म्हणाला. “जा, पाट्या फिरवून ये. मी बोट उताराशी नेतो.”

नियम असा होता: पहिल्या इशाऱ्याच्या अर्धा तास आधी, साडेनऊला, मात्सुओ-सान फलकाची काच ओढून कुलूप लावतात. तोवर ज्याची पाटी लाल नाही, त्याची बोट पाण्यात उतरत नाही. विनवण्या चालत नाहीत. त्यांनी एकदा महापौरांच्या मुलाला परत पाठवलं होतं.

नऊ सत्तावीस झाले होते. अठ्ठावन्न पाट्या लाल होत्या.

रिन्तारो फलकासमोर उभा राहिला. दोन काळ्या पाट्या शेजारी शेजारी. कुसाबा. एगाशिरा. त्याने हात जॅकेटच्या खिशात घातले.

“तीन मिनिटं, कुसाबा-कुन,” मात्सुओ-सान म्हणाले.

“हो.”

उताराच्या माथ्यावर एगाशिरा बोटीच्या गाडीला टेकून उभा होता. बाकीच्या बोटी एकेक करून पाण्याला लागत होत्या. वारा अजून नव्हता. खेळाडू वल्ह्यासारखी शिडं हलवत बाहेर जात होते.

“दोन.”

खिशात चिकटपट्टीची रीळ होती. ती तो बोटांनी फिरवत राहिला.

“एक मिनिट. तुला कळतंय ना मी काय म्हणतोय?”

“कळतंय.”

मात्सुओ-सानांनी घड्याळ बघितलं, रिन्तारोचे खिशातले हात बघितले, आणि पुन्हा घड्याळ बघितलं.

काच सरकली. कुलूप लागलं.

“विसरलास,” ते म्हणाले.

“विसरलो.”

“तू विसरत नाहीस.” त्यांनी नोंदवहीत लिहिलं: शिओकारा, विसरले.

एगाशिराला सांगायला तो उतारापर्यंत चालत गेला. ते साठेक पावलांचं अंतर होतं. एगाशिराने ऐकलं. ओरडला नाही. बोटीच्या काठावरचा हात काढला, आणि तो कुठे ठेवायचा हे त्याला बराच वेळ सुचलं नाही.

“मुद्दाम,” तो म्हणाला.

“हो.”

त्यानंतर तो धक्क्यावर गेला आणि बापाजवळ उभा राहिला. इतक्या लांबून काही ऐकू येत नव्हतं. बापाने एकदा मान हलवली. खुर्ची मिटली. थर्माकोलची पेटी मुलाच्या पायाशी ठेवली आणि गाडीकडे गेला. मागे वळून बघितलं नाही, घाईही केली नाही.

दहा वीसला वारा आला.

तो ताकाशिमाकडून आला, आणि आला तोच पांढरा. पंधरा मिनिटांत तारा घुमू लागल्या. रिन्तारोने आवाज ओळखला. सकाळचाच. तेरा.

आठ बोटी कलंडल्या. दोन बोटींच्या डोलकाठ्या मोडल्या. शर्यत पूर्ण झाली.

दीडपर्यंत सगळे किनाऱ्याला लागले. थरथरत, खोकत, एकमेकांच्या चुका मोजत. मात्सुओ-सान काच उघडून उभे होते. अठ्ठावन्न पाट्या एकामागून एक काळ्या झाल्या.

यादीत शिओकारा दहावी होती.

एगाशिरा दोनला बोटीपाशी आला. बोट उताराच्या माथ्यावर, सकाळी होती तिथेच, गाडीवर उभी होती. तिला दिवसभरात पाणी लागलं नव्हतं. तो तिच्यात चढला आणि सुकाणूवाल्याच्या जागी बसून सुकाणू काढायला लागला.

“सगळे परत आले, रिन,” शेवटी तो म्हणाला. “सगळेच्या सगळे.”

“हो.”

“म्हणजे आपणही आलो असतो.”

रिन्तारो डाव्या तारेची खिटी सोडवत होता.

“पेटीत माकूळ आहे. ताजी. जिंकल्यावर खायला आणली होती.” एगाशिरा जरा थांबला. “तुलाही दे म्हणाला.”

त्याने पाय लांब केले, पट्ट्याखाली अडकवले, आणि सवय म्हणून काठावरून मागे झुकला. पट्टा ताणला गेला. तो बोटीबाहेर सरळ तोलून राहिला. गुडघे कुठे दुमडले नाहीत, पाय कुठे सैल पडले नाहीत. तो तसाच अधांतरी थांबला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

“हे कधी केलंस?”

“काय?”

“पट्टा. माझ्या मापाचा आहे.”

रिन्तारोने खिटी सोडली. “तुझ्या?”

“बघ ना. अगदी बरोबर. तू बसलास तर यातून घसरून पडशील.” एगाशिरा उठून बसला. “माझ्यासाठी कशाला? मी कधी सुकाणूवर बसतो?”

पासष्टच्या आसपास. पाच इकडे, पाच तिकडे. रिन्तारो साठ किलोचा होता. एगाशिरा सत्तर.

रिन्तारो बोटीत वाकला. पायपट्ट्याची दोरी चार बोटं सैल सोडलेली होती. गाठीभोवती दोन वेढे होते, एक जास्तीचा. तो स्वतः नेहमी मारायचा तसा. वर काळी चिकटपट्टी. टोकाला कान.

त्याने कान चिमटीत धरला. पट्टी अलगद सुटली.

खालची गाठ ओली होती. त्याने ती दाबली तेव्हा तिच्यातून पाणी निघालं, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. थंड होतं. त्याने ओठ लावून पाहिलं.

खारट.